लातूरची गादी, अहमदपूरची बाज

३ मे, शनिवार
नात आज लातूरला यायची होती. आली नाही. नांदेडहून येताना अहमदपूर मध्ये लागतं, एवढ्या एका भांडवलावर आमचे व्याही महादेवप्पा आजोबागिरी करून राहिलेत. स्वप्नाली आईसोबत आधी तिकडंच उतरली. आठ दिवस. मत्सर माझ्या स्वभावात नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

५ मे
सूनबाईचा फोन. सिंधु म्हणे, मामा, इथं आल्यापासून पोरीला एकदाबी पंप लागला न्हाई. दम्याचा पंप. म्हणजे दमा महादेवप्पानं बरा केला? त्याच्याकडं आहे काय? शहाबादी फरशी आणि नवारीची बाज. संकल्प: पोरीनं परत अहमदपूरचं नाव काढता कामा नये.

७ मे
आमच्या पोराच्या, अमरनाथच्या लग्नातली गादी पिंजून घेतली, कापूस दुप्पट. गालिचा. मखमली पडदे. टेडी, महादेवप्पाहून उंच. बायको म्हणाली, नात आणायलात का नवरी? दुर्लक्ष केलं.

११ मे, रविवार
आली! गादीवर उड्या, टेडीला मिठी. महादेवप्पाला सहज फोन करून कळवलं. तो म्हणाला, बरं झालं पाहुणे, चादरी तेवढ्या कढत पाण्यातून काढा. जळतो माणूस.

१२ मे, सकाळी
रात्री पंप दोनदा. छातीत शिट्टी वाजत होती. अहमदपूरहूनच काहीतरी घेऊन आली असणार. उपाय: उदबत्ती, आणखी एक दुलई.

१३ मे
पंप चारदा. दोन शब्द बोलून पोर थांबत होती. माझं बोट सोडेना. दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाद्या, उशा, गालिचे यांत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांच्या घाणीनं दमा उठतो. घरात काय काय आहे? मी अभिमानानं यादी सुरू केली. टेडीपाशी येऊन यादी आवरती घेतली. उदबत्तीचं तर बोललोच नाही. ते बायकोनं सांगितलं.
औषध वाढवलं. सिंधु म्हणाली, मामा, उद्या अहमदपूरला नेते. एक दिवस मागून घेतला.

१४ मे
पडदे उतरवले, गालिचा गुंडाळला, गादी आणि टेडी गच्चीवरच्या खोलीत. आता पोरीला निजवायचं कशावर? नवारीची बाज अख्ख्या बाजारात मिळेना. शेवटी एक फोन केला. कुणाला ते लिहीत नाही.
चार वाजता महादेवप्पा टेम्पोतून बाज घेऊन हजर. पाणीसुद्धा न घेता आधी फरशी पुसायला बसला. म्हणे, झाडू नका पाहुणे, ओल्या फडक्यानं पुसा. माझ्याच घरात मला बादली धरायला लावली. धरली.

१६ मे
दोन रात्री पंप नाही. सकाळी स्वप्नाली बाजेवर उठून बसली, मोकळ्या खोलीभर नजर फिरवली आणि एका दमात, मध्ये कुठं न थांबता म्हणाली, आजोबा, आता तुमचं घर अगदी अहमदपूरच्या आप्पाच्या घरासारखं मस्त झालंय!
मी ठीक आहे. गादी वाया जाऊ नये म्हणून गच्चीवरच्या खोलीत निजतो. शेजारी टेडी. सकाळपासून अकरा शिंका.