पाचवा बोल्ट

बुधवार, दुपार

ताई,

पाचवा बोल्ट बाहेर यायला दीड तास लागला. सुतार बोटीखाली उताणे पडून खालून हातोडा मारत होते, मी आत गुडघ्यांवर बसून वरून ओढत होते. आला तेव्हा एकदम आला आणि मी मागे स्टोव्हवर आदळले. कोपर सुजलंय. म्हणून अक्षर असं.

नमस्कार राहिलाच. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी काठी वापरायला लागले, की अजून छत्रीच घेऊन फिरतात, ऊन-पाऊस नसताना?

आमचं काम संपलं. शिडं शिवून झाली, ती आणायलाच माझा नवरा सकाळी गेला होता. डोलकाठीच्या तारा नव्या ओढल्या. स्टोव्ह आता बोट कलली तरी सरळ राहतो, त्यावर भांडं ठेवून त्याने मला तीनदा दाखवलं. खणांवरच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. उद्या सकाळी आठला क्रेन येणार आणि बोट पाण्यात उतरणार. दोन आठवड्यांत समुद्रात निघायचं.

तू म्हणशील, मग बोल्ट कशाला काढत होतीस.

बोटीच्या पोटाखाली लोखंडाचं मोठं वजन असतं. वाऱ्याने बोट आडवी झाली तर तेच तिला पुन्हा उभी करतं. आमच्या बोटीत ते अकरा बोल्टांवर टांगलेलं आहे. सुटलं, तर बोट उलटते आणि उलटीच राहते. बोट अडतीस वर्षांची, बोल्टही तेवढेच जुने. त्यांतला एक तरी काढून बघायचा असतो. तू आजारी होतीस आणि मी आठवडाभर तुझ्याकडे होते, तेव्हा त्याने ते उरकलं. परत आले तर म्हणाला, बघितले, ठणठणीत आहेत.

पण वजन जिथे बोटीला जोडलंय, तिथल्या फटीतून तांबूस रेघ उतरायची. तो सकाळी त्यावर रंग मारायचा. आठवड्याने रेघ पुन्हा. पुन्हा रंग. मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. तू त्याला मौनीबाबा म्हणतेस, ते उगाच नाही.

आज तो गेल्यावर मी सुतारांना बोलावलं. त्यांना आम्ही बघूकाका म्हणतो, काहीही विचारलं तरी ते ‘बघू’ म्हणतात. बोल्टाची दोन्ही टोकं चांगली होती. मधला भाग गंजाने खाल्ला होता. अंगठ्याएवढा असायला हवा तिथे करंगळीएवढा, आणि नखाने खरवडला तरी पापुद्रे निघत होते. ज्या लाकडात तो बसला होता, तेही ओलं आणि मऊ. मी विचारलं, बदलता येतील? काका बघू म्हणाले नाहीत. म्हणाले, लाकूडच गेलंय, नवे बोल्ट धरणार कशाला. उघडलं तर सगळं उघडावं लागेल, आणि तेवढं करून ही बोट उरेल असं नाही.

मी त्यांना तो परत बसवायला सांगितला. आणि म्हटलं, ह्यांना बोलू नका.

काकांनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, “साहेबांनीही हेच सांगितलं होतं. तिसरा काढला होता तेव्हा. बाईंना बोलू नका म्हणाले. आता मी दोघांनाही सांगितलंय. अजून कोणाला सांगू?”

तिसराही असाच होता.

ताई, चार वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की बॅग भरलीय, येते. तू मागची खोली रिकामी केलीस. मी का आले नाही ते तू कधी विचारलं नाहीस. त्याच आठवड्यात त्याने ही बोट आणली. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे दूध संपलंय, कुलूप लाव. बोटीवर, पाना दे, हे धर, तुझा हात पोचतो का बघ. दोघांशिवाय होईना असं काम होतं. एकदा त्याने विचारलं, तुला झोपायला डावी बाजू हवी की उजवी? तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बाहेर जाऊन उगाच दोर गुंडाळत बसले.

घर विकलं. जमिनीवर आमचं आता काही नाही, आणि खरं सांगू, जमिनीवर आम्हीही नाही. बोट थांबली की तो एका खोलीत आणि मी दुसऱ्या. त्यालाही हे कळतं, नाहीतर तो माझ्याशी खोटं बोलला नसता. एरवी त्याला साधं खोटंसुद्धा जमत नाही.

तो मघाशी शिडं घेऊन आला. कोपराला काय झालं, विचारलं. स्टोव्हवर आपटलं म्हटलं. ओला फडका बांधून दिला. मग खाली बघून म्हणाला, “काका आले होते?”

“हो. तळ बघून गेले. ठीक आहे म्हणाले.”

“बरं,” म्हणाला. बराच वेळ फडक्याची गाठ सारखी करत होता.

आत्ता तो बाहेर रंगाचा डबा ढवळतोय. मला नुसतं उठून त्याला सांगायचंय, चार पावलं आहेत. बसून तुला लिहितेय. फोन करू नकोस. तू त्याला सांगावंस म्हणून हे लिहिलं नाही, आणि सांगू नयेस म्हणूनही नाही.

मागच्या खोलीत सामान भरलं असशील तर असू दे.

तुझी, अजून न आलेली,
धाकटी

गुरुवार

पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. क्रेन आठला आली. बोट पट्ट्यांवर उचलली, तेव्हा आम्ही दोघं खाली उभे होतो. रेघ नव्हती, रंग ओला होता. क्रेनवाल्याने वरून विचारलं, सगळं ठीक आहे ना, सोडू? आम्ही दोघांनी एकदमच हो म्हटलं. बोट पाण्यात आहे.