सव्वा मूठ

सोमवार, ९ जून

आज सुरतेत आलो आणि पहिल्याच जेवणात पोट फुटायची वेळ आली. उधना स्टेशनावर चुलतभाऊ कुंदन मोटरसायकल घेऊन हजर. बमरोलीत गल्लीच्या तोंडाशी काकू स्वतः उभी. घरात शिरायच्या आधी तिने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि मग शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. मी नको म्हणायच्या आत दुसरी भाकरी ताटात. असा पाहुणचार माझ्या सख्ख्या मामानेही कधी केला नाही, आणि मामा काही कंजूष नाही.

काम काकांनीच शोधलं. विठ्ठलकाका तीस वर्षं इथे लूमच्या खात्यात आहेत. (यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात.) दिवाळीलाही फोन न करणारा माणूस, पण गेल्या आठवड्यात आमच्या गावी त्यांचे तीन फोन आले. गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेलं खातं आहे. तिथे निंबा मास्तर म्हणून जुने कारागीर राहतात. त्यांना या गल्लीची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची आहे, कुठल्याशा संग्रहालयासाठी म्हणे, आणि मदतीला चांगला हात हवा होता. काका म्हणाले, आमचा भटू आहे की. (भटू म्हणजे मी. धुळ्याला कॉलेजात या नावाला सगळे हसायचे. हसोत बापडे.) दोंडाईच्याकडे गणपतीची आरास आणि शाळांचे देखावे करण्यात दोन वर्षं गेली, आता जरा खरं काम.

जेवताना काकू म्हणाली, "आते तू आमना पोऱ्या." यंदा कानबाईच्या रोटांना तुझी मूठ इथूनच घेईन, तुझ्या आईलाही तसं कळवलंय. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. आधी नाव, मग मूठ. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि एका माणसाची मूठ दोन घरांत घेत नाहीत. म्हणजे मी आता खरोखरच या घरचा झालो.

गुरुवार, १९ जून

मास्तर कमी बोलतात, पण हात सोन्याचा. माप एकास चोवीस. सहा फुटी दार तीन इंचांचं होतं, माणूस पावणेतीन इंचांचा. बाजारातलं तयार काही वापरायचं नाही, सगळं हाताने. थंड पेयांचे डबे कापून, कंगव्यावर दाबून मी पत्र्याची छपरं केली. जळक्या मोटारीतली तांब्याची तार उलगडून विजेच्या वायरी, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांच्या काळ्या टाक्या. गंज आणायला तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजवतो. रस्त्याची माती म्हणजे विटेचा भुगा आणि वाळवलेला चहाचा चोथा. काकू चोथा जपून ठेवते माझ्यासाठी.

प्लायवूड चार फुटीच मिळालं. त्यामुळे चहाच्या टपरीच्या अलीकडे, विजेच्या खांबाशी गल्ली करवतीने सरळ कापली. चौदाही घरं बसली, टपरी मात्र राहिली. मास्तर म्हणाले, घरं बसली ना, मग झालं.

घरांच्या भिंतींवर मोजणीवाल्यांनी लाल रंगात आकडे टाकलेत. गल्ली पाडायची आहे असं सगळे म्हणतात, पण रडत कोणीच नाही. मी तेही आकडे जसेच्या तसे काढले. आमच्या घराचा चौदा.

घरं मी करायची, माणसं मास्तर करणार. एका घरामागे एकच. तारेचा सांगाडा, वर पुट्टी, आणि अंगावर त्या माणसाच्या खऱ्या कपड्याचा तुकडा. मी पाहिलं, सगळ्यांचे पंजे ते उघडे ठेवतात. इतक्या लहान मापात मूठ करायला गेलं की नुसता गोळा दिसतो.

मंगळवार, १ जुलै

समोरच्या सुभद्राबाईंचा दीर वाल्मिकभाऊ माझा दोस्त झालाय. लूमच्या खडखडाटात कान गेलेले, त्यामुळे दिवसभर ओट्यावर बसून असतो. मी मापं घ्यायला गेलो की खुणेनेच चहा मागवतो. त्यांच्या घरातून मास्तरांनी त्यालाच निवडलंय. बसण्याची ढब, वाकलेली मान, सगळं मी कागदावर उतरवून दिलं. लुंगीचा तुकडा मागितला तर त्याने हसत हसत टर्रकन फाडून दिला. सुभद्राबाई दारात होत्या, त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, चांगली लुंगी फाडली म्हणून राग आला असेल.

मंगळवार, ८ जुलै

वाल्मिकभाऊ बसला. म्हणजे पुतळा बसला, ओट्यावर. अगदी जिवंत. मी मास्तरांचे पायच धरायचे बाकी ठेवले.

घरी येताना खऱ्या ओट्यावर तो दिसला नाही. गावाला गेला असेल. सुभद्राबाईंच्या भिंतीवरचा लाल आकडाही दिसला नाही. पुसलेला वाटत नव्हता, तिथे रंग कधी लागलाच नव्हता असं वाटत होतं.

गुरुवार, १० जुलै

सुभद्राबाईंना विचारलं, वाल्मिकभाऊ कधी येणार. त्या म्हणाल्या, कोण वाल्मिक? मला दीर नाही. माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत राहिल्या. काकूला विचारलं तर तीही तेच म्हणाली, आणि वरून विचारलं, ताप आहे का तुला.

माझ्या वहीत त्याच्या मानेची चित्रं आहेत. सहा. पुट्टीच्या वासाने डोकं फिरतं म्हणतात, पण चित्रं कोणी काढली मग?

गुरुवार, २४ जुलै

तेरा घरांत तेरा माणसं बसली. गल्लीत तेरा आकडे नाहीसे झाले आणि तेरा माणसं. म्हाताऱ्या उषाबाई, खोकणारा सुकदेव, नवऱ्याने टाकलेली स्नेहा... ज्यांची घरात कोणाला फारशी गरज नव्हती असे सगळे. दर वेळी मी घरी विचारतो आणि दर वेळी मलाच वेड्यात काढतात. वेडाही नाही मी आणि आंधळाही. या लोकांना माहीत आहे. गल्लीत शिरलो की बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या दाराकडे.

फक्त आपलं घर राहिलं. मी मास्तरांना म्हटलं, काकांना बाजेवर बसवा, छान दिसतील. मास्तर पहिल्यांदाच मनापासून हसले. म्हणाले, ते तू येण्याआधीच ठरलंय.

काकूने आज माझा जुना चौकडीचा शर्ट मागून घेतला, भांडी पुसायला. दिला. तिची माया आहे म्हणून मी या घरात टिकून आहे, नाहीतर कधीच पळालो असतो. परवा कानातला खडा विकू का विचारत होती, माझ्या चपला झिजल्या म्हणून. अशा बाईवर संशय घ्यायचा तरी कसा?

शुक्रवार, १ ऑगस्ट

परवा रविवारी कानबाई. आज दुपारी काकूने न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गव्हाचा डबा उघडला. मी मुद्दाम समोर बसलो. पहिल्या दिवसापासून वाट बघत होतो.

काकांचं नाव घेतलं. सव्वा मूठ.

कुंदनचं नाव घेतलं. सव्वा मूठ.

डब्याला झाकण लावलं.

मी हसत म्हटलं, काकू, एक विसरलीस. ती परात घेऊन उठली. माझ्या अंगावरून गेली, पदर चेहऱ्याला लागला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे भरले होते तिचे. विसरली नव्हती.

शनिवार, २ ऑगस्ट, सकाळ

मास्तरांच्या खात्यात जाऊन पाहिलं. चौदाव्या घराच्या दारात पुतळा उभा आहे. चेहरा अजून कोरा. अंगात चौकडीचा शर्ट.

कुंदनला गच्चीवर गाठलं. कॉलर धरली. तो रडला, मग सगळं ओकला. संग्रहालय वगैरे काही नाही. मास्तरांनी गल्लीला सांगितलं होतं की छोटी गल्ली पुरी झाली की मोठीला कोणी हात लावू शकत नाही, पण दर घरातून एक माणूस लागेल. घरच्यांनी आपण होऊन त्याचं नाव सोडायचं. घरच्यांनी सोडलं आणि पुतळा पुरा झाला की बाकी जग आपोआप विसरतं. जूनमध्येच बैठक झाली. आमच्या घरात कोण? काका कमावते. कुंदन एकुलता एक. काकूच म्हणाली, दिराचा पोरगाही आपल्याच कुळातला, तो चालेल ना? मास्तर म्हणाले, कारागीर असेल तर उत्तमच.

तीन फोन. ओवाळलेली भाकरी. चहाचा चोथा.

मी माझ्या हातांनी बांधलं हे घर. दाराची कडीसुद्धा.

शनिवार, दुपार

एकदम आठवलं. आई! आई तिकडे मूठ घेतेच की. काकूने सोडलं तर सोडलं, मी आईच्या घरचा आहे. वेड्यासारखा हसलो आणि फोन लावला.

आई म्हणाली, तुझी नाही घेतली रे. तुझ्या काकूने जूनमध्येच सांगितलं ना, ती घेणार म्हणून. दोन घरांत कशी घेणार? तुझ्या बापाची एकच घेतली. दळण झालंसुद्धा.

मी म्हटलं, आई, आत्ताच्या आत्ता घे. माझं नाव घे आणि घे. ती घाबरली. म्हणाली, दळण झाल्यावर मूठ घेत नाहीत, पण तू म्हणतोस तर सकाळी देवीची माफी मागून घेते. आजची गाडी तर गेली, उद्याच्या गाडीने ये, मग बोलू.

सकाळी घेईल. आई शब्द मोडत नाही. तोवर—

रविवार, ३ ऑगस्ट, सकाळ

पिशवी घेऊन निघालो. विजेच्या खांबापर्यंत आलो. पुढे टपरी दिसते, चहा उकळताना दिसतो, वास येत नाही. पाय पुढे पडत नाही. खाली पाहिलं तर रस्ता सरळ कापलेला आहे. मी कापला तिथेच. करवत जरा तिरकी गेली होती ती जागासुद्धा—

हाका मारल्या. टपरीवाल्याने मान वर केली नाही.

परत आलो. घरात कानबाई बसली आहे, आरती चालली आहे, रोटांचा वास. मला कोणी आत ये म्हटलं नाही, बाहेर जा म्हटलं नाही. भिंतीवरच्या चौदातला चार गेला. एक उरलाय, फिका.

आईला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, आई, घेतलीस का?

"कोन बोली ऱ्हायनात तुम्ही?"

तुम्ही. आई मला तुम्ही म्हणाली. मी नाव सांगितलं. ती सावकाश, गोड आवाजात म्हणाली की चुकीचा नंबर लागला असेल भाऊ, आम्हाला एकच मुलगी, हर्षदा. मागून हर्षदा विचारत होती, कोण आहे गं.

काकू, माझी आई तरी मला राहू द्यायची होतीस—

रविवार, दुपार

सगळे जेवायला बसलेत. कोणी बघत नाही. गव्हाचा डबा माझ्यासमोर आहे.

स्वतःची मूठ स्वतः घेतली तर? असं कोणी करत नाही. पण चालत नाही असंही कोणी म्हटलेलं नाही. एकाने तरी माझं नाव घ्यायला हवं ना. मीच घेतो.

हात घातला. गहू थंड. बोटं वळत नाहीत. पंजा उघडाच. गहू सगळे बोटांमधून खाली—

पेनही दोन बोटांच्या फटीत अडकवून लिहितोय. पुट्टीचा वास माझ्याच हाताला येतोय. ते मीच लिहिलं होतं ना, मूठ करायला गेलं की नुसता गोळा—

पुन्हा. आधी नाव, मग मूठ. भटू. भटू.

नाव घेतलं. हात घातला. दोन दाणे राहिले तळव्यावर. दोन. आता फक्त बोटं मिट