स्टँड लावेपर्यंत

मास्तर, माझी आई भिंतीवर कोर्टातल्या साक्षीदारासारखी बसली आहे, आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती, आणि पुढं तुम्ही मरून मोकळे झालात. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तुमचं सामान वाहिलेलं नाही.

मंगळवार पेठेतला तुमचा फोटो स्टुडिओ, आणि मी कॉलेज अर्धवट सोडून तुमच्या हाताखाली लागलेला. राधानगरीच्या रानात फोटो काढायला जायचं ठरलं की आदल्या दुपारी तुम्ही सतरंजीवर सगळं सामान मांडायचात आणि एकेक वस्तू उचलून दरडावायचात, "ह्याचं काम काय?" उत्तर पटलं नाही की वस्तू बाहेर. आईच्या त्या फोटोच्या वर्षी मी मित्राचा डबा कॅमेरा मागून आणला होता. गळ्यात अडकवावा, खटका दाबावा, संपलं. तुम्ही तो मेल्या उंदरागत दोन बोटांत धरलात. मी म्हणालो, "पटकन काढता येतो." तुम्ही म्हणालात, "पटकन काटा काढत्यात. फोटो न्हाय." डबा कपाटात गेला. माझ्या पाठीवर आला भात्याचा लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा, काळं कापड, आणि तो सागवानी स्टँड, ज्याचे तिन्ही पाय एकमेकांशी भांडलेले असायचे. शिवाय तुमची घडीची खुर्ची आणि पानाचा डबा. पानाच्या डब्याचं काम काय, हे विचारायचा हक्क सतरंजीवर कुणालाच नव्हता.

आईचं माहेर त्याच वाटेवर, आणि ती तेव्हा तिथंच आलेली. आम्ही सर्व्हिस मोटारीतून उतरलो तर ती भाकऱ्यांचं गठुळं घेऊन उभी. माझ्या पाठीकडं बघून म्हणाली, "मास्तर, ह्यातलं खायचं काय हाय?"

"अक्का, कलेचं सामान हाय ते."

"व्हय, पण चावतंय का?" म्हणाली, आणि आमच्या पुढं अनवाणी रानात चालू लागली.

ओढ्याकाठी जेवायला बसलो. आम्ही दगडांवर, तुम्ही खुर्चीत. तेवढ्यात तुमच्या धोतरात जळू शिरली. ज्याच्यापुढं फोटोला बसलेले भलेभले मान तिरकी करायला भीत, तो माणूस खुर्चीसकट ओढ्यात बसला. आणि आई हसते आहे. मान मागं टाकून, हातातली भाकरी विसरून. सासरी तिचं हसू पदराआडून कधीतरी निसटायचं. हा आवाज मला नवा होता. "मास्तर, फोटो," मी म्हणालो. आणि तुम्ही, कमरेपर्यंत भिजलेले, जळू तशीच, काय म्हणालात? "स्टँड लाव."

मी स्टँड लावतो. एक पाय चिखलात जातो, दुसऱ्याचा स्क्रू फिरत नाही, तिसरा तुम्ही येऊन पुन्हा लावता, कारण माझा लावलेला तुम्हाला कधी पटलाच नाही. मी काळ्या कापडाखाली शिरतो. काचेवर आई उलटी दिसते, डोकं खाली, पाय आभाळात, हसू अजून थोडं शिल्लक. मग बाहेरून तुमचा आवाज येतो, "अक्का, पदर नीट घ्या. हात मांडीवर. श्वास धरा. हलायचं न्हाय." आणि त्या उलट्या चेहऱ्यावरचं हसू माझ्यादेखत विझतं. तुम्ही भिंगावरचं टोपण काढलंत, मनात आकडे मोजलेत, टोपण लावलंत. वर म्हणालात, "ह्याला म्हणायचं फोटो."

वर्षाच्या आत आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही. नातवंडं विचारतात, "आजी फार कडक होती का?" काय सांगू? की ती जळवेला हसलेली बाई आहे, फक्त आमचे मास्तर आड आले? तो डबा कॅमेरा गळ्यात असता तर फोटो तिरका आला असता, पुसट आला असता, अर्धं डोकं कापलं गेलं असतं. पण त्यात आई हसली असती. तुम्ही माझ्या आईला स्वच्छ, सरळ, ठळक केलंत आणि तिला तेवढं गाळलंत.

आता मुलाकडं खिशात मावणारा कॅमेरा आहे. त्यात सगळेच हसतात. बारसं कुठलं आणि तेरावं कुठलं, कळत नाही. उद्या त्याच्याबरोबर त्याच रानात जायचं आहे. तुमच्या माघारी तुमच्या घरच्या काकूंनी "न्या बाबा, येता-जाता ठेच लागती" म्हणून माझ्या गळ्यात घातलेला तुमचा स्टँड दाराशी उभा आहे. मुलानं सकाळी विचारलं, "बाबा, ह्याचं काम काय?" तुमचाच प्रश्न.

दुपारी आईचा फोटो पुसायला खाली घेतला आणि सहज भिंग लावलं. उजव्या अंगठ्याच्या नखाशी त्या सकाळच्या भाकरीचं पीठ वाळलेलं आहे. कणन् कण दिसतो. डबा कॅमेऱ्याला हे सात जन्मांत जमलं नसतं. स्टँड मी सामानातून काढलेला नाही. ह्या पिठाच्या चार ओळी सोडून बाकीचं सगळं पत्र तुम्हाला पोचावं असं फार वाटतं. पण त्या ओळी खोडवत नाहीत, म्हणून धाडत नाही.