अंगठ्याजवळचं काळं

कुंभारी,
सोमवार, १२ मे २०२५

खालिदभाई,

अस्सलामु अलैकुम. तू, भाभी आणि पोरं खुशाल असाल. उर्दू वाचताना तुला अजून जांभया येतात, म्हणून मराठीतच लिहितेय. शेजारचा आरिफ ट्रक घेऊन अकलूजला निघालाय, त्याच्या हाती देते.

आधी तू घेऊन दिलेल्या त्या बिनतारी ब्रॉडबँडचं ऐक. जोडायला आलेला माणूस म्हणाला होता, शंभरपर्यंत स्पीड. पहाटे साठ दाखवतं आणि डॉक्टरांच्या वेळेला, म्हणजे अकराला, दोन. तक्रार केली की बाई गोड आवाजात सांगते, स्पीड जागेवर आणि वेळेवर अवलंबून असतो. मग शंभर नक्की कुठल्या जागेवर मिळतो, असं विचारलं तर फोन होल्डवर. तीनदा त्यांचा माणूस आला, गच्चीवरचा डबा इकडचा तिकडे वळवला आणि तक्रार मिटली असं स्वतःच नोंदवून गेला. मी भांडभांड भांडले.

तुझ्यावर राग नाही. अम्मीचा गुडघा, त्यात दोन बस बदलायच्या, म्हणून दर गुरुवारी शुगरचे डॉक्टर मोबाइलवरच दिसावेत हे तू सुचवलंस, ते चांगलंच होतं. मी तुला दर वेळी ‘सगळं ठीक’ म्हणत आले. ठीक नव्हतं. निम्म्या वेळा डॉक्टरांचा चेहरा अडकायचा आणि आवाज तुटायचा.

हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर सुरू केलं की तोंडातून पुन्हा ‘सगळं ठीक’च येतं.

तळपाय जळतात म्हणून अम्मी मेंदी लावते, तुला माहीत आहे. एक तारखेच्या गुरुवारी चौथ्यांदा जोडल्यावर डॉक्टर दिसले. पाय दाखवा म्हणाले. मी मोबाइल तळव्याशी धरला. त्यांच्याकडे नुसते चौकोन दिसत असणार. त्यांनी विचारलं, “अंगठ्याजवळ काळं काय आहे?”

पुन्हा लाइन जाईल या भीतीने मी न बघताच म्हणाले, “मेंदी आहे, सर.”

बरं, त्याच गोळ्या चालू ठेवा, म्हणाले. आठ तारखेला तर कॉल लागलाच नाही.

मेंदी होती भाई, पण ते सगळं काळं मेंदीचं नव्हतं. शनिवारी वास आला, तेव्हा मी पाय धुऊन नीट बघितला.

अम्मी सोलापुरात दवाखान्यात आहे. मी कपडे न्यायला घरी आलेय. उद्या सकाळी ऑपरेशन. बोटं जातील, कदाचित घोट्यापर्यंत कापावं लागेल. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काळं कधीपासून? मी म्हणाले, चार दिवस. अकरा झालेत. शेजारच्या खाटेवरच्या पार्वतम्माला अम्मी सांगत असते की नेटने पाय खाल्ला, आणि मी मान डोलावते. अम्मीच्या डोळ्यांकडे बघायची मला भीती वाटते. मला म्हणाली, “खालिद को नको बोल, उने डर जाता.”

घाबरलेय मी. हे पत्र आरिफला दिलं की दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरे अकरा दिवस सांगणार आहे. ते एकटीने जमेल. अम्मीला मेंदीचं सांगताना मात्र तू माझ्याशेजारी उभा राहा. पत्र मिळाल्याबरोबर निघ. रागावून आलास तरी चालेल, पण ये.

न बघता उत्तर देणारी तुझी बहीण,
यास्मीन