इंजिनातली काजळी

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा हादरली! फाटकातून बाहेर पडेपर्यंत कशी गुणी – बॅटरीवर असली की ही हायब्रिड गाडी मांजराच्या पावलांनी चालते – आणि वळणावर पेट्रोलचं इंजिन जागं झालं, तशी दणादणा थरथरली. माझा चष्मा नाकावरून घसरला. समोर पिवळा दिवा लागला.

"हुडहुडी भरली वाटतं तिला," शेजारून आमची ही म्हणाली.

मी हसलो. दिवा हसेना.

५ मार्च, गुरुवार

मेकॅनिककडे गेलो. पोरगेलासा दिसतो, पण हात जाणते. बॉनेटमध्ये बराच वेळ डोकावला. म्हणाला, "काका, जुनी असली तरी खानदानी गाडी आहे. कधी हादरते, किती वेळ, सगळं लिहून आणा. मालक सांगेल तेवढंच गाडी बोलते."

मला लिहायला सांगितलं! आंधळा मागतो एक – जाऊ दे. खूश झालो.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी ७.४०. इंजिन थंड. थरथर वीस सेकंद. तळ्यापर्यंत जाऊन परत.

थरथरीला ठेका आहे बरं का! पाचवीत बाई घोकून घ्यायच्या त्या कवितेचा:

डोंगरामागून ढग आला, पाटी पुसून गेला,
काल लिहिला होता त्याचा धडा कुठे नेला?

तीन कडवी पाठ आहेत. चौथं गेलं ते गेलंच. आठवायला बसलो आणि चहा निवला.

८ मार्च, रविवार

लेक आली. एक चक्कर मारून उतरली ती कपाळाला हात लावूनच. "बाबा, ही गाडी आहे की पाळणा? भर रस्त्यात बंद पडली तर आईला कोण उचलणार? पुढच्या रविवारपर्यंत नीट झाली नाही, तर विकायची. माझं ठरलंय."

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ही फाटकापर्यंतही चालत नाही. उंच गाडीत चढता येत नाही. या गाडीत मात्र अलगद बसते. म्हणून तर घेतली! तळं, पूल, रोपवाटिका – एवढंच आता तिचं बाहेर. तेही गेलं तर?

१० मार्च, मंगळवार

मेकॅनिकनं वही वाचली. कवितेसकट वाचली, लबाड!

"काका, रोज जेमतेम तीन किलोमीटर? आणि चालवता किती वेगानं?"

"वीस."

"वीस?"

कबूल करावं लागलं. हळू चालवली की बॅटरीवर राहते. मग कशी शांतता असते गाडीत! त्या शांततेत मी हिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. इंजिन सुरू झालं की कवितेचा विचका होतो, म्हणून लगेच पाय उचलतो.

त्यानं पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "अहो, इंजिन जागं होतं न होतं, तोच तुम्ही त्याला झोपवता! गरमच होत नाही बिचारं. आत सगळी काजळी धरलीय. मी साफ करतो, पण खरं औषध तुमच्या पायात आहे. रोज तासभर हायवेला पळवा."

"आणि कविता?"

"ओरडून म्हणा!"

म्हणजे रोग गाडीला नव्हता. रोग मीच होतो!

११ मार्च, बुधवार

हायवे. ऐंशी! इंजिन काय गर्जत होतं! दोन ओळी ओरडलो, घसा बसला. ही खिडकीबाहेर बघत होती. कंटाळली असणार.

१२ मार्च, गुरुवार

थरथर सात सेकंद. मी गप्प. हिचे ओठ हलत होते. माझ्या वेगापायी देवाचा धावा करत असेल!

१४ मार्च, शनिवार

थरथर शून्य! दिवा गेला!! लेकीला फोन केला. "बरं बाई, जिंकलात," म्हणाली. आता हायवे फक्त औषधापुरता. तळ्याकाठी पुन्हा शांतता, पुन्हा माझ्या कविता. यादी करून ठेवली आहे – अकरा आहेत.

१५ मार्च, रविवार

हायवेच्या उतारावर पाय उचलला. इंजिन आपोआप बंद झालं, आणि त्या अवचित शांततेत हिचा आवाज तेवढा उरला. चालीवर, गोड:

पाटी कोरी झाली म्हणून कुणी नाही रडले,
कोऱ्या पाटीवरच तर मग नवे अक्षर घडले.

चौथं कडवं!

लाजून थांबली. "इंजिनाच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं वाटलं. एरवी तुमचंच चालू असतं, मध्ये कशी तोंड घालू?"

संसाराची बेचाळीस वर्षं! यादी फाडली. आता मी नुसता ड्रायव्हर.