टाकीमागचा आरसा

चिरंजीव,

तुझा दाढीचा आरसा मी घेतलाय. सकाळी न्हाणीघरातली आदळआपट ऐकली, पण तू तसाच तडक कामावर गेलास, म्हणून हे कागदावर.

आरसा माशाच्या टाकीमागे काचेला टेकवून ठेवलाय. तो तिथून हलवू नकोस. ओढ्यात हा एकटाच माझ्या जाळ्यात आला आणि मी हौसेने घरी आणला. ही जात थव्याने राहणारी, हे मला मागाहून कळलं. आठ दिवस तो दगडाआड बसून होता, खाण्याला शिवला नाही. आरशात दुसरा दिसला, तेव्हा कुठे बाहेर आला.

मी दोन दिवस डोळ्याच्या ऑपरेशनला चाललोय. सांगायचं राहून गेलं. आत्या सोबत आहे, तू रजा काढू नकोस. माशाला सकाळी एका गांडुळाचे बारीक तुकडे घाल, गांडुळांचा डबा मोरीजवळ आहे. कोरडं खाणं तो तोंडात घेऊन थुंकतो. लहानपणी तूही तसाच होतास. पाणी कमी वाटलं तर आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलंच घाल, नळाचं थेट नको.

टाकीसमोर खुर्ची कशाला, असंही तू परवा चिडून विचारलंस. तिथे बसून मी जेवतो. पाण्यापलीकडे आरशात एक म्हातारा जेवताना दिसतो. बोलत काही नाही, पण माझं होईपर्यंत ताटावरून उठत नाही.

बाबा