नातेवाईक उपलब्ध असल्यास

४ मार्च, मंगळवार

आली एकदाची! आमच्या कक्षाची दुभाषी. दहाला रुजू झाली आणि साडेदहाला साहेबांनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलंसुद्धा. मी अकरा वर्षं मागतेय ते टेबल! मी आपली कपाटामागे. फाइल मागायला येणाऱ्याला आधी खोकावं लागतं, मग मी दिसते.

येताच तिने सगळ्यांना हातांची भाषा शिकवायला घेतली. "बघा, धन्यवाद असं करायचं!" शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे हात हलवत बसले. मी मनात म्हटलं, बाई गं, तू कोर्स करून शिकलीस, मी घरात शिकले. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. चौतीस वर्षांचा घोडा झालाय, आणि आई गेल्यापासून त्याचा आवाज मीच आहे. दवाखाना, बँक, रेशन, घरमालक — सगळीकडे. मला कुणी कधी टेबल दिलं?

तिचं नाव ठेवलंय मी — दहाबोटी.

६ मार्च, गुरुवार

कामाचं लिहिते, नाहीतर ही वही नुसत्या जळफळाटाने भरायची.

दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. देशाच्या सरकारने सही केली, फोटो काढला, मोकळे झाले. राबवायचा कुणी? आमच्यासारख्या प्रादेशिक सरकारांनी. साहेब म्हणतात, "सही वरच्यांची, निस्तरायचं आपण." आपण म्हणजे मी! करारातल्या प्रत्येक कलमाला तक्त्यात एक ओळ. शाळा खातं, आरोग्य, बांधकाम, नोंदणी — सगळ्यांना पत्र, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. उत्तर ठरलेलं — "कार्यवाही चालू आहे." मी गेल्या वर्षीचा तक्ता काढते, तारीख बदलते, वर पाठवते. अकरा वर्षांत शेवटच्या रकान्यात "पूर्ण" हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. व्हीलचेअरचा उतार अजून "चालू आहे". कुठे चाललाय देव जाणे!

यंदा मात्र बाहेरच्या समितीने नेमका प्रश्न टाकलाय. कर्णबधिर माणसाला सरकारी कार्यालयात आपलं म्हणणं स्वतः मांडता येतं का? म्हणून ही दहाबोटी. आणि तिच्याबरोबर बसून नियमावली लिहायची मी.

११ मार्च, मंगळवार

साहेबांनी पाहुण्यांशी ओळख करून दिली. ती "आमच्या तज्ज्ञ". मी "आमच्या जुन्या". जुन्या काय, जुन्या फाइली?

१७ मार्च, सोमवार

घराची किल्ली विसरले होते. धाकटा द्यायला आला, बाइंडिंगच्या दुकानातून तसाच, हाताला खळ लागलेली. किल्ली माझ्या टेबलावर टाकली आणि निघाला — तर दारात दहाबोटी. झालं! दोघांचे हात सुटले. काय तो वेग! पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग तो हसला. मोठ्याने, खो खो, स्वतःचं हसू ऐकू न येणारा हसतो तसा. सगळं ऑफिस बघायला लागलं.

तो गेल्यावर ती डोळे पुसत माझ्याकडे आली. "किती विनोदी आहेत हो तुमचे भाऊ!"

विनोदी? माझा धाकटा? घरी जेवतो, ताट धुतो, झोपतो. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे साहेब खुर्चीवर असे बसतात, जसे आधी खुर्चीची परवानगी घेतायत. अगदी खरं आहे! अकरा वर्षं मी तेच बघतेय, मला सुचलं नाही. आणि त्याला दारातून दिसलं. माझ्यापाशी मात्र हे कधी आलं नाही.

मग ती सहज म्हणाली, "ते सहा वर्षं कर्णबधिरांच्या संघटनेत जाऊन ही भाषा शिकले. तुम्ही नाही शिकलात?"

मी म्हटलं, आमची घरची भाषा आहे. आणि फाइल शोधायच्या निमित्ताने उठले. कुठली फाइल, मलाच ठाऊक नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी चहा होईतो घरच्या खुणा मोजल्या. त्रेसष्ट. गोळी, आंघोळ, उशीर, गप्प, पाऊस, कुलूप. "पाहिजे" म्हणजे पोटावर हात. "ताई" म्हणजे वेणी ओढायची. वेणी कापून आठ वर्षं झाली, तरी तो ओढतो, हवेतच.

त्रेसष्ट पुरतात. इतकी वर्षं पुरल्याच ना?

२१ मार्च, शुक्रवार

नियमावलीचा मसुदा. नियम सात दहाबोटीने लिहिला — "नातेवाइकाने दुभाष्याचे काम करू नये." मी म्हटलं, का बरं? घरच्यांइतकं कुणाला कळतं?

"घरचे गाळतात हो," ती म्हणाली. "वाईट मनाने नाही, मायेने. डॉक्टर दहा वाक्यं बोलतात, घरचे 'ठीक आहे' एवढंच सांगतात."

माझ्याकडे बघून म्हणाली का? नसेल. पण चोराच्या मनात चांदणं! दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. ती इथे लिहून टाकते, बाकी सांगणार कुणाला?

तीन वर्षांपूर्वी धाकट्याच्या मालकांनी परगावी नवं दुकान काढलं. म्हणाले, "याच्यासारखा हात नाही कुणाचा. ते दुकान याने चालवावं. विचारा त्याला." मी विचारलंच नाही. एक खूण केली नाही. मालकांना सरळ सांगितलं, "नको म्हणतोय." धाकटा समोरच पुठ्ठ्याला खळ लावत होता. मान वर करून माझ्याकडे बघत होता. मग खाली घातली आणि परत ब्रश फिरवायला लागला. त्याला काय कळणार! परगावी एकट्याला कोण सांभाळणार होतं?

आणि घरी एकटी मी काय करणार होते? हे खरं कारण. आज पहिल्यांदा लिहिलं.

२८ मार्च, शुक्रवार

दहाबोटी दोन दिवस प्रशिक्षणाला गेलीय. साहेब डोकं धरून बसले होते. "दुभाषी एक, कार्यालयं एकशे चाळीस! हा नियम सात मंजूर केला तर उद्या सगळे मागतील. नाही केला तर समिती धरेल."

माझ्या तोंडून निघून गेलं — खोटं कशाला, निघून नाही गेलं, मी आठवडाभर तयार करून ठेवलं होतं! "साहेब, एक ओळ बदलली तर? 'नातेवाईक उपलब्ध असल्यास दुभाषी पुरविण्याची आवश्यकता राहणार नाही.'"

साहेबांनी दोनदा वाचलं. खुर्ची मागे सरकवून उठलेच. "वा! म्हणजे प्रत्येकाची सोय झाली! ही ओळ पूर्ण दाखवता येईल!" आणि दाखवली. माझ्याच हाताने तक्त्यात लिहिलं — पूर्ण. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या कक्षाला माझ्या नावाने चहा.

जन्मभर मी जे फुकट केलं, ते आता नियमात आहे. बसा म्हणावं बोटं मोडत!

३ एप्रिल, गुरुवार

तिला कळलं. कपाटामागे आली, न खोकता. "हे तुम्ही लिहिलंत?"

"साहेबांनी मंजूर केलं."

"करारात बरोब्बर उलट म्हटलंय. माणसाला स्वतःचं बोलता यावं म्हणून तर हे सगळं!"

"तक्ता पूर्ण झाला ना पण."

ती वळून आपल्या टेबलाकडे गेली. हात खाली सोडलेले. मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

१३ एप्रिल, रविवार

धाकटा सलग चौथ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर. मी विचारलं, कुठे? त्याने खूण केली — काम. रविवारी कसलं काम? आणि कामाला जाताना कुणी भांग पाडतं का!

दहाबोटीच. दुसरं कोण? नियमाने नाही जमलं, आता घरात शिरणार. आई गेल्यावर मी त्याला वाढवला, तापात उशाशी बसले, शाळेवाल्यांशी भांडले — आणि ही आयत्या बिळावर नागोबा!

१६ एप्रिल, बुधवार

तिच्याशी बोलणं बंद. ती रोज सकाळी हातांनी नमस्कार करते. मी फाइल बघते.

५ मे, सोमवार

 आजचं आजच लिहिते.

अकराला फोन. विवाह नोंदणी कार्यालय. तिथल्या कारकुनाला मी पाच वर्षं स्मरणपत्रं पाठवतेय, त्यामुळे आवाज ओळखीचा. "मॅडम, तुमचीच नियमावली बरं का! यांनी दुभाषी मागितलाय. पण अर्जात नातेवाईक म्हणून तुमचं नाव आहे, पत्ता याच गावातला. म्हणजे उपलब्ध. मग दुभाषी देता येत नाही. तुम्हीच या. आणि लवकर, साडेबाराला दुसरं जोडपं आहे."

"कुणाचं? कसलं जोडपं?"

"लग्न हो! तुमच्या भावाचं!"

कशी पोचले माहीत नाही. दोन गल्ल्या पळतच गेले. दाराबाहेर बाकावर दहाबोटी, मांडीवर हात ठेवून. मला वाटलं, ही नवरी! पण ती बसल्या बसल्याच म्हणाली, "मला आत घेत नाहीत. नियम सात." मी बाजूने गेले. वर बघायची हिंमत झाली नाही.

आत धाकटा, नवा शर्ट. शेजारी एक मुलगी. संघटनेतली, तीही बहिरी, शिवणकाम करते — हे मला कारकुनाने सांगितलं. माझ्या भावाची बायको कोण, हे मला कारकून सांगतो! करायला गेले एक आणि झालं भलतंच.

नोंदणी अधिकारी माझ्याकडे वळले. "विचारा त्यांना. हे लग्न स्वतःच्या मर्जीने करताय का? कुणाचा दबाव नाही ना?"

मी हात उचलले. आणि तसेच राहिले. मर्जी! त्रेसष्ट खुणांत मर्जी नाही. दबाव नाही. स्वतःच्या, हेसुद्धा नाही. घरात कधी लागलंच नव्हतं. शेवटी मुलीकडे बोट दाखवलं आणि पोटावर हात फिरवला. पाहिजे? लग्नाचं विचारायला मी त्याला भुकेची खूण केली! मुलीने नजर दुसरीकडे वळवली. तो हसला नाही.

त्याने पेन खाली ठेवलं आणि मला उत्तर दिलं. दोन्ही हातांनी, हळूहळू, लहान मुलाला समजावावं तसं. मिनिटभर तरी. त्यात चार वेळा वेणी ओढली. एकदा हवेत ब्रश फिरवला. एकदा बोट माझ्या ओठांकडे. बाकी काही — काही म्हणजे काही कळलं नाही. माझ्या हाताखाली वाढलेला माझा भाऊ माझ्याशी बोलत होता, आणि ज्या बाईला ते कळलं असतं ती भिंतीपलीकडे बाकावर होती. माझ्या ओळीमुळे.

"काय म्हणतायत?" अधिकारी.

"हो म्हणतोय."

कारकुनाने मान वर केली. "एवढं बोलले ते. एवढंच?"

"एवढंच."

शिक्के पडले. सह्या झाल्या. त्याने वाकून नमस्कार केला, मुलीनेही. दुपारच्या बसने दोघं तिच्या गावी गेले. घरातून त्याने फक्त कपड्यांची पिशवी नेली. त्याचं ताट धुऊन पालथं घातलेलं आहे, ते मी उचललं नाही.

६ मे, मंगळवार

रजा. मोबाइल दहा वेळा हातात घेतला. लिहिणार काय? तू काल काय म्हणालास ते मला कळलं नाही, असं? आपलेच दात, आपलेच ओठ.

७ मे, बुधवार

ऑफिसला गेले. आधी साहेबांकडे — तक्ता परत मागवायचाय, नियम सात चुकीचा आहे, चूक माझी आहे. ते ओरडले. ओरडू देत.

मग खिडकीजवळच्या टेबलाशी उभी राहिले. म्हटलं, त्याने हात असे केले होते. आणि आठवेल तसं करून दाखवलं. वेणी, ब्रश, ओठ, वेणी. दोन दिवस तेच डोळ्यांसमोर होतं, बरंचसं आठवलं. तिने मला पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा माझ्या खुणा संपेपर्यंत ती थांबली, आणि त्याचं बोलणं माझ्यासाठी मराठीत बोलली —

"ताई, त्या दिवशी दुकानात तू मालकांना 'नको' म्हणालीस, ते मी तुझ्या ओठांवर वाचलं होतं. ताई, तू एकटी पडशील म्हणून मी गप्प बसलो. ताई, आज मी हो म्हणतोय. ताई, या वेळी जसंच्या तसं सांग."